गच्चीवरचं चौथं माणूस

१

विमान चालवणं हे मुळात कंटाळवाणं काम आहे, असं सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नाही. लोकांना वाटतं, वर आकाश, खाली डोंगर आणि छातीत धडधड. खरं तर तीच बटणं, तेच काटे आणि रेडिओवर तीच चार वाक्यं. माझं विमान लहान होतं. एक इंजिन, पुढे दोन आसनं आणि मागे टपालाच्या थैल्या, औषधांची खोकी, कधी एखाद्या यंत्राचे सुटे भाग. आमच्या गावच्या धावपट्टीवरून सकाळी सात वीसला निघायचं, डोंगरातली खिंड ओलांडून मोठ्या शहरात उतरायचं, माल उतरवायचा, नवा भरायचा आणि दुपारी दोनला परत. बारा वर्षं मी हेच केलं.

सात एकतीसला माझं घर खाली यायचं.

घर गल्लीच्या शेवटी, एकमजली. वर सपाट गच्ची, एका कोपऱ्यात पाण्याची गोल टाकी, दोन खांबांमध्ये कपडे वाळत घालायची तार. गच्चीवरून मागच्या अंगणात उतरणारा लोखंडी जिना आणि तो जिथे संपतो तिथे स्वयंपाकघराचं दार. घरावर आलो की मी विमानाचे पंख दोनदा हलवायचो, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. गच्चीवर माझी तीन माणसं उभी असायची आणि हात हलवायची.

सातशे फुटांवरून चेहरे दिसत नाहीत, पण आपली माणसं ओळखू येतात. आप्पा, म्हणजे माझे वडील, खुर्चीत बसून वर्तमानपत्राची गुंडाळी उंच करायचे. माझी बायको एका हाताने डोळ्यांवर सावली धरायची आणि दुसरा हात नुसता वर ठेवायची, हलवायची नाही. शाळेत गणित शिकवते ती. हात वर करून गप्प उभं राहायची सवय मुलांना लावता लावता तिलाच लागली असावी. आणि आमची भिंगरी दोन्ही हात वर करून जागच्या जागी उड्या मारायची. नऊ वर्षांची होती. नाव वेगळं होतं, पण पाळण्यात असल्यापासून ती एका जागी ठरली नाही म्हणून आप्पांनी तिला भिंगरी केलं ते केलंच.

आप्पांनी चाळीस वर्षं विमानांची इंजिनं दुरुस्त केली आणि एकदाही विमानात पाय ठेवला नाही. "विमान पडायलाच बनवलेलं असतं," ते म्हणायचे, "आपण फक्त त्याला उशीर करतो." बायकोला ही थट्टा मुळीच आवडत नसे.

२

मंगळवार होता. आकाश स्वच्छ, वारा नाही. घरावर आलो, पंख हलवले आणि खाली पाहिलं. गच्चीवर चौघं होती.

आप्पा खुर्चीत. बायको टाकीशी. भिंगरी मधोमध, उड्या मारत. आणि भिंगरीच्या शेजारी, हातभर अंतरावर, आणखी कुणीतरी.

मला त्याचं काहीच वाटलं नाही. शेजारीण आली असेल, मीटर बघणारा आला असेल, असा विचार करून मी पुढे गेलो. खिंड ओलांडेपर्यंत विसरलोही. दुपारी घरी जेवताना सहज आठवलं.

"सकाळी कोण आलं होतं?"

"कुठे?" बायकोने विचारलं.

"गच्चीवर. तुमच्याबरोबर."

"कोणी नाही. आम्हीच होतो."

"अगं, भिंगरीच्या बाजूला उभं होतं कोणीतरी."

भिंगरी हसायला लागली. "बाबा, मी एवढ्या जोरात उड्या मारते ना, तुला दोन-दोन दिसते!"

"सरकार आता वरून माणसं मोजायचं काम वैमानिकांना देणार वाटतं," आप्पा म्हणाले. "आधी खिंडीतले ढग मोज म्हणावं."

सगळे हसले. मीही हसलो. बायको तेवढी हसता हसता थांबली आणि माझ्या ताटाकडे बघत म्हणाली, "तारेवर तुझा रेनकोट होता. तोच दिसला असेल."

बरोबर होतं. रेनकोट म्हणजे खांदे आलेच, बाह्या आल्याच. मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी तारेवर एकही कपडा नव्हता, आणि चौघं होती.

३

मी काही भोळाभाबडा माणूस नाही. इंधनाचा काटा खोटा बोलू शकतो, वेगाचा काटा खोटा बोलू शकतो, आणि सगळ्यात आधी आपले स्वतःचे तोल सांभाळणारे कान खोटं बोलतात, हेच आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवतात. ढगात शिरलं की डोकं सांगतं आपण सरळ आहोत, आणि विमान कलंडलेलं असतं. म्हणून जे दिसतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही, ते तपासायचं.

मी तपासायला लागलो. आधी समोरची काच. हँगरमधल्या मेकॅनिकला म्हटलं, "डावीकडच्या काचेत काहीतरी डाग आहे, बघ जरा." त्याने बॅटरी लावून, बोट फिरवून पाहिलं.

"कॅप्टन, एक बारीक ओरखडा आहे. पण तो तर दोन वर्षांपासून आहे."

"बदल."

त्याने काच बदलली. नव्या काचेतून चौघं आणखी स्पष्ट दिसली.

मग डोळे. आमची वैद्यकीय तपासणी दर सहा महिन्यांनी होते. मी दोन महिने आधीच गेलो. डॉक्टरांनी अक्षरं वाचून घेतली, रंग ओळखून घेतले, रक्त घेतलं.

"डोळे विशीतल्या पोरासारखे आहेत तुमचे," ते म्हणाले. "त्रास काय होतोय नेमका?"

"कधीकधी असं वाटतं, की एखादी गोष्ट... जादा दिसते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, हे मी ऐकलं तर मला लिहावं लागेल. लिहिलं तर तुमचं उडणं बंद. तर मी ऐकलं का?"

"नाही," मी म्हणालो.

तोपर्यंत एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, ती मी डॉक्टरांनाही सांगू शकत नव्हतो. विमान डोक्यावरून जातं तेव्हा माणूस वर बघतोच. शेतात काम करणारा बघतो, सायकलवरचा बघतो. वर केलेला चेहरा वरून फिकट ठिपक्यासारखा दिसतो. खाली घातलेली मान म्हणजे नुसते केस, काळा ठिपका. माझ्या गच्चीवर तीन ठिपके फिकट होते आणि चौथा काळा. रोज. ते जे कोणी होतं ते वर बघत नव्हतं. मान खाली घालून, अगदी शांतपणे, शेजारी उड्या मारणाऱ्या पोरीकडे बघत होतं.

४

महिनाभराने बायकोने मला पकडलं. तिला फसवणं सोपं नाही. पंचवीस वर्षं मुलांच्या उत्तरपत्रिका तपासलेली बाई. रविवारची दुपार होती, आप्पा आत झोपले होते, भिंगरी अंगणात खडूने चौकोन आखत होती.

"तू हल्ली घरी आलास की आधी भिंगरीकडे बघतोस," ती म्हणाली. "मग आमच्या मागे बघतोस. काय बघतोस?"

मी सांगून टाकलं. सगळं. काच, डॉक्टर, काळा ठिपका, वर न बघणं.

"कुणाजवळ उभं असतं?" तिने विचारलं.

"मधेच कुठेतरी," मी म्हणालो. "तेवढं नीट कळत नाही."

का खोटं बोललो? तिला भीती वाटू नये म्हणून, असं मी पुढे किती वेळा स्वतःला सांगितलं. पण खरं कारण हे नव्हतं. मला वाटत होतं, ते कुणाजवळ उभं आहे याला महत्त्वच नाही. कारण ते कशासाठी आलंय हे मला ठाऊक आहे, अशी माझी खात्री झाली होती.

दोन वर्षांपूर्वी या मार्गावर माझ्याबरोबर आणखी एक वैमानिक होता. माझ्याहून मोठा, मला खिंड शिकवणारा. एका दुपारी तो खिंडीतून बाहेर आलाच नाही. त्याच्या घरी सांगायला मला पाठवलं. मी फाटक उघडून आत गेलो तेव्हा त्याची बायको झाडांना पाणी घालत होती, पाठ माझ्याकडे. मला हाक मारवेना. मी तिच्यामागे, चार पावलांवर, मान खाली घालून उभा राहिलो. किती वेळ ते माहीत नाही. ती गुणगुणत होती. मी जोवर बोलत नव्हतो तोवर तिचा नवरा जिवंत होता. मग तिने वळून पाहिलं, आणि मला बोलावंच लागलं नाही.

गच्चीवरचं ते माणूस तसंच उभं होतं. सांगायला आल्यासारखं. मी वरून उडत होतो आणि खाली माझ्या घरात कुणीतरी बातमी घेऊन आधीच येऊन थांबलं होतं. फक्त मी पडायचा बाकी होतो.

हे मी बायकोला बोललो नाही, पण तिचाही हिशेब तोच झाला असणार, कारण तिचे ओठ पांढरे पडले.

"सोड," ती म्हणाली. "उडणं सोड. काहीही कर. दुकान टाक, शिकवण्या घे. मला बारा वर्षं सात एकतीसपर्यंत घोटभर चहासुद्धा गिळता आलेला नाही. तुला माहितीय?"

मला माहीत नव्हतं.

"आधी एक करून बघू," मी म्हणालो. "उद्यापासून तुम्ही गच्चीवर जाऊ नका."

५

भिंगरीने तोंड फुगवलं. गच्चीची फरशी निघाली आहे, दुरुस्तीशिवाय वर जायचं नाही, असं आप्पांनी तिला सांगितलं. आप्पांना काय कळलं होतं कोण जाणे; त्यांनी मला काही विचारलं नाही आणि थट्टाही केली नाही.

पहिल्या दिवशी गच्ची रिकामी. दुसऱ्या दिवशी रिकामी. तिसऱ्या दिवशी मी विमानात मोठ्याने गाणं म्हटलं. गळा असा की आप्पा त्याला इंजिनातला बिघाड म्हणतात, पण म्हटलं.

चौथ्या दिवशी ते जिन्यावर होतं. सगळ्यात वरच्या पायरीवर, मान खाली.

पाचव्या दिवशी तीन पायऱ्या खाली. सहाव्या दिवशी जिन्याच्या वळणावर. मी घरी येऊन जिना पाहिला. साधा लोखंडी जिना, ठिकठिकाणी गंजलेला. एकेक पायरीवर पाय ठेवून पाहिला. पाचवी पायरी दाबली की टण् असा आवाज करते, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

"हा आवाज नेहमीचा आहे का?" मी स्वयंपाकघरात विचारलं.

"हो," बायको म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "म्हणजे कोणी चढलं-उतरलं तर."

आठव्या दिवशी ते शेवटच्या पायरीवर होतं. पुढे स्वयंपाकघराचं दार. दार उघडं होतं आणि आतून पिवळा दिवा दिसत होता. त्या वेळी भिंगरी तिथे टेबलाशी दूध पीत बसते, शाळेला निघायच्या आधी.

मी विमान वळवलं आणि खाली घेतलं. घरांवरून एवढ्या खालून जायला सक्त मनाई आहे, परवाना जातो. पण त्या क्षणी हात माझे नव्हते. तीनशे फूट, दोनशे. गावच्या पाण्याच्या उंच टाकीच्याही खालून मी आमच्या गल्लीत शिरलो. वेग फार कमी झाला, पंखांखालची हवा सुटायला लागली आणि सगळं विमान थरथरलं. कानाशी धोक्याचा भोंगा केकाटत होता. जिना समोर आला. जिन्यावर कोणी नव्हतं. दार माझ्या डोळ्यांदेखत हळूच आतून बंद झालं.

कसं वर घेतलं ते आठवत नाही. एका छपरावरचा अँटेना चाकाने उडाला, हे नंतर कळलं. मी परत धावपट्टीवर उतरलो, विमान तसंच सोडलं आणि मेकॅनिकच्या मोटारसायकलवरून घरी पोचलो.

भिंगरी टेबलाशी होती. ओठांवर दुधाची मिशी.

"बाबा, तू आज केवढ्या खाली आलास! कप वाजले सगळे!"

"दार कोणी लावलं?"

"वाऱ्याने," बायको म्हणाली. "विमानाच्या वाऱ्याने लागलं. अरे, वेडा झालास का तू? मरणार होतास आज!"

मी भिंगरीला उचलून घेतलं. ती धडधाकट होती, जड झाली होती, आणि शाळेला उशीर होतोय म्हणून पाय झाडत होती. मला हसू फुटलं. मी मरणार होतो, आणि मेलो नव्हतो. झालं. टळलं.

त्याच दिवशी मी राजीनामा दिला.

६

पुढचे सहा आठवडे आमच्या घरात जे सुख होतं ते त्याआधी कधी नव्हतं, हे मला सांगितलंच पाहिजे. बायको सकाळी आरामात चहा प्यायची. मी भिंगरीच्या वेण्या घालायला शिकलो; एक वेणी वर, एक खाली यायची. आप्पा म्हणायचे, "एका पंखावर पोरगी निघाली बघा शाळेला." गच्चीवर आम्ही सगळे पुन्हा जायला लागलो. मी प्रत्येक खोलीत बघायचो, दारामागे, जिन्याखाली. काही नव्हतं.

माझ्या जागी एक तरुण वैमानिक आला होता. सात एकतीसला तो आमच्यावरून जायचा. तो आवाज मी पहिल्यांदा खालून ऐकला. वर बसून तो आवाज म्हणजे धीर असतो. खाली कपाटातल्या बशा किणकिणतात आणि घर क्षणभर श्वास रोखतं. बारा वर्षं माझी माणसं रोज हे ऐकत होती.

सातव्या आठवड्यात भिंगरीला ताप आला. पहिल्या दिवशी साधा. दुसऱ्या दिवशी मान दुखते म्हणाली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला उजेड सहन होईना, आणि आम्ही तिला गावच्या इस्पितळात नेलं. मेंदूच्या आवरणाला सूज आहे, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. जे इंजेक्शन हवं होतं ते इथे नव्हतं. शहरात होतं.

"विमानाने मागवलंय," त्या म्हणाल्या. "दोन वाजता येईल. तोवर हे चालू ठेवू."

रस्त्याने डोंगराला वळसा घालून चोवीस तास. तरी एक गाडीही तिकडून निघाली होती. मी खिडकीशी उभा राहिलो. खिंड तिथून दिसत नाही, पण खिंडीवरचं आकाश दिसतं. एक वाजता तिथे ढग बसायला लागले. दीड वाजता डोंगराचा माथा गेला.

दोन वाजले. सव्वादोन. मी धावपट्टीवर फोन केला. रेडिओवरचा माणूस मला बारा वर्षं ओळखत होता.

"तो परत फिरला," तो म्हणाला. "खिंड बंद आहे. उद्या सकाळी येईल."

त्या पोराचं काही चुकलं नाही. पुस्तकात लिहिलंय तेच त्याने केलं. पण मला त्या खिंडीत ढगाखालची वाट माहीत होती. उजव्या कड्याला धरून, झाडांच्या शेंड्यांवरून, ओढ्याचं पांढरं पात्र डाव्या पंखाखाली ठेवून यायचं. मी तिथून पंधरा-वीस वेळा आलो होतो. आणि मी इथे खुर्चीत बसलो होतो, कारण मला माझा जीव वाचवायचा होता.

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ती गेली. विमान आठला आलं, गाडी त्याच्याही नंतर.

७

माझ्या जिवाची काळजी घरातल्या सगळ्यांनी आयुष्यभर केली. बायकोने केली, आप्पांनी थट्टेत केली, पोरीनेही केली. घरातला धोका म्हणजे मी, अशी सगळ्यांची समजूत होती आणि हळूहळू माझीही झाली. ते माणूस महिनाभर माझ्या मुलीकडे मान खाली घालून बघत उभं होतं. रोज तिच्याच शेजारी. आणि मला वाटलं, ते माझ्यासाठी आलंय.

हे मी बायकोला सांगितलं. कधीतरी सांगावंच लागणार होतं.

"तिच्याच शेजारी?" तिने विचारलं.

"हो."

"आणि मी विचारलं तेव्हा तू म्हणालास, मधेच कुठेतरी."

"हो."

ती रडली नाही, ओरडली नाही. उठली आणि भिंगरीचं दप्तर पुन्हा एकदा आवरून ठेवलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलायची ती फक्त कामाचं.

चार महिन्यांनी आप्पांनी मला समोर बसवलं. ते फार खंगले होते. "पुन्हा कामावर जा," ते म्हणाले. "घराच्या भिंती तुला खायला उठल्यात."

तरुण वैमानिकाची बदली झाली होती. मेकॅनिक, रेडिओवाला, सगळ्यांनी शब्द टाकला, अँटेनाचं प्रकरण मिटवलं, आणि मला घेतलं. पहिल्या सकाळी घरावर आलो तेव्हा मी खाली बघणार नव्हतो. पण नजर गेली. गच्चीवर बायको उभी होती. एकटीच. एक हात डोळ्यांवर, एक वर.

मी पंख हलवले. त्या दिवशी मी खिंडीत पोचेपर्यंत रडलो. वाटलं, एवढं तरी राहिलं.

आठ दिवस ती रोज आली. एकटी. नवव्या दिवशी तिचा वरचा हात खाली होता. अंगापासून जरा लांब, कुणाचं तरी बोट धरल्यासारखा. आणि तिच्या शेजारी, तिच्या कमरेएवढ्या उंचीचं, कुणीतरी होतं. उड्या मारत नव्हतं. अगदी स्थिर उभं होतं. वर बघत नव्हतं.

मी पंख हलवले नाहीत.

८

दुपारी घरी आलो तेव्हा ती स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती. उन्हाचा पट्टा टेबलावर पडला होता. आप्पा आत पडले होते, त्यांच्या खोलीतला रेडिओ हलक्या आवाजात चालू होता. मी हात धुतले आणि तिच्यासमोर बसलो. एक शेंग घेतली.

"आज पंख हलवले नाहीस," ती म्हणाली.

"वारा होता."

"वारा नव्हता. तारेवरचे कपडे हललेसुद्धा नाहीत." तिने हातातली शेंग खाली ठेवली आणि कितीतरी महिन्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "काय दिसलं?"

"काही नाही."

"तू मागेही असंच म्हणालास."

बोलायची गरजच उरली नाही. मी समोरच बसलो होतो, आणि माझा चेहरा तिला दिसत होता. तिने एकदम तोंडावर हात धरला. मला वाटलं ती किंचाळेल. पण तिचे डोळे भरून आले होते आणि त्यात जे होतं ती भीती नव्हती.

"लहान आहे?" तिने हाताआडून विचारलं.

मी होकाराची मान हलवली.

"माझ्याजवळ?"

"तू वर जाऊ नकोस," मी म्हणालो. "ऐक माझं. उद्यापासून वर जाऊ नकोस. आपण हे घर सोडू. कुठेही जाऊ. ते कशासाठी येतं ते तुला माहितीय. ती नाहीये ती. ते कुणाचंही रूप—"

"मला काहीच जाणवत नाही रे," ती म्हणाली. माझं बोलणं तिने ऐकलंच नव्हतं. "मी तिथे रोज उभी राहते. वाटतं, निदान गार वारा तरी लागेल, वास येईल तिच्या केसांचा. काही नाही. नुसती गच्ची असते. हात असा धरून बघितला आज, तरी काही नाही. तुलाच तेवढं दिसतं."

"म्हणून सांगतोय, जाऊ नकोस."

"आणि गेले नाही तर? जिना उतरून घरात येईल. मागे आलं तसं." ती हे अगदी शांतपणे म्हणाली, फळ्यावरचं गणित समजावून सांगावं तसं. "मग आत कुठे असेल ते तुलाही दिसणार नाही. त्यापेक्षा वर बरं."

आतल्या खोलीत आप्पांनी रेडिओ बंद केला. ते ऐकत होते. पण उठून आले नाहीत.

तिने पुन्हा शेंग हातात घेतली, सोलली, दाणे वाटीत टाकले. तिच्या गालांवर जो रंग आला होता तो मी चार महिन्यांत पाहिला नव्हता.

"उद्या जरा खालून आण विमान," ती म्हणाली. "गावच्या टाकीच्या खालून. तू आणू शकतोस, आणलं होतंस. तिने कुठला फ्रॉक घातलाय, तेवढं बघून मला सांग."

मी वाटी माझ्याकडे ओढली आणि म्हणालो, "बघतो."